व्याह्यांसमोर दोरोबोन

चिनात्सुचं लग्न याआधी एकदा मोडलं होतं, आणि तेही बापाच्या तोंडापायी. मुलाकडचे पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हा शिगेओ त्सुबोइ यांनी त्यांना जेवणाआधी आणि जेवणानंतर नुसते राक्षसांचे सिनेमे ऐकवले. बरं, नावाजलेले सिनेमे असते तरी चाललं असतं. ते काय, कुणीही बघतं! शिगेओंचा जीव आठवड्याभरात थेटरातून उतरलेल्या सिनेमांवर. राक्षसाच्या पाठीवरची शिवण दिसते, पळताना शेपटी निखळते, असले. "आत घामाघूम झालेला माणूस आहे हे कळतं ना, तिथेच तर खरी मजा!" पाहुण्यांना ती मजा कळली नाही. ते पुन्हा फिरकलेच नाहीत.

म्हणून आज बायकोनं, योशिएनं, सकाळीच दम भरला. "नव्या मुलाचे आईवडील, इसोगाइ मंडळी येतायत. राक्षसाचं नाव जरी काढलंत, तर याद राखा!"

"नाही गं. पोरीची शपथ!"

मायलेकी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेल्या आणि नेमकं पार्सल आलं. आत दोरोबोन! चिखलातून उठणाऱ्या त्या राक्षसाचा सिनेमा निघाला एकच, आणि त्यातला हा अस्सल रबरी पोशाख मिळवायला शिगेओंनी कुठेकुठे नाक घासलं होतं. एवढं झाल्यावर खोकं बंद ठेवायला माणूस काय दगड असतो? जरा अंगात घालून बघू म्हणून ते शिरले, पाठीवरची चेन दोरी बांधून वर ओढली, आणि दोरी तुटून हातात आली. हातात कसली, पंजात.

पाहुणे दारात बूट काढत होते तेवढ्यात योशिएनं नवऱ्याला शेपटीला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं बाई! हे काय?"

"चेन अडकली."

मायलेकींनी ओढून पाहिलं. चेन ढिम्म हलेना. योशिएनं कात्री काढली, तसे दोन्ही पंजे जोडले गेले. "कापू नकोस गं. जगात एवढा एकच उरलाय."

योशिएनं कात्री परत खणात ठेवली. "चला असेच. पण शपथ लक्षात आहे ना?"

इसोगाइसाननी दोरोबोनला वाकून नमस्कार केला. दोरोबोननं उलट नमस्कार केला, तर शिंगानं चहाचा पेला उलटला. इसोगाइबाईंनी रुमालानं चहा टिपला आणि पेल्याच्या नक्षीचं कौतुक केलं. दुसऱ्याच्या घरी दिसेल ते विचारायचं नाही, अशा रीतीभातीची माणसं. थंडीबद्दल बोलणं झालं, गाड्या वेळेवर असल्याबद्दल झालं. चिनात्सुनं मान वर केली नाही. शिगेओ आत घामानं निथळत होते, पण तोंडातून अवाक्षर नाही.

शेवटी बोलण्यासारखं काही उरेना, तेव्हा इसोगाइसान म्हणाले, "मगर फार सुंदर आहे हो."

मगर! शिंगापासून शेपटीपर्यंत थरथर झाली. पोरीची शपथ, पोरीची शपथ, मनात घोकत शिगेओ गप्प बसले.

"अहो, मगर कसली?" इसोगाइबाई नवऱ्याला म्हणाल्या. "बेडूक आहे तो."

योशिएनं किटली दाणकन आपटली. "बेडूक? बेडकाला शिंगं असतात होय? अहो, हा दोरोबोन! धरणाखाली गाव बुडतं ना, त्या गावचा चिखल उठून उभा राहतो. धरण फोडायला निघतो बिचारा, आणि वाटेत शाळेची घंटा ऐकून थबकतो. मी तर दर वेळी रडते!" मग ती उठली आणि दोरोबोन कसा लंगडतो ते चालून दाखवायला लागली.

इतकी वर्षं सिनेमा चालू असताना ही शेजारी बसून नुसती लोकर विणते, असं शिगेओ समजत होते. त्यांना रडू कोसळलं, आणि पंजानं डोळे पुसता येईनात. चिनात्सुनं मात्र डोक्याला हात लावला. हेही लग्न गेलं!

"मग?" इसोगाइबाई पुढे सरकल्या. "फुटतं का धरण?"

"बघाच ना! लावते."

सिनेमा संपला तेव्हा इसोगाइसान नाक पुसत होते. लग्नाची तारीख उभ्याउभ्याच ठरली. निघताना इसोगाइबाई दोरोबोनजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "या घरात कुणाला तरी राक्षसांचं वेड आहे, असं कानावर आलं होतं. आम्ही उगीच तुमच्यावर संशय घेतला हो. बायकोच्या हौसेपायी किती सोसता तुम्ही!"

दोरोबोननं कमरेत वाकून नमस्कार केला.