सैल पट्टा

तेंडोलकरकाका आमच्याकडे आले की आधी फ्रिजला कान लावतात. "कॉम्प्रेसर दमलाय," असं निदान झालं की मग चहा. एकदा सोसायटीच्या पंपापाशी वॉचमनला म्हणाले, "बेअरिंग रो रहा है, सुनो." त्याने भक्तिभावाने कान लावला. तिसऱ्या दिवशी पंप बसला आणि मीरारोडच्या आमच्या गल्लीत काकांचा शब्द प्रमाण झाला.

काकांची उभी नोकरी गुजरातेत, तेलविहिरींवर फिटर म्हणून. तसलंच तेल उपसणारं एक जुनं इंजिन भंगारातून उत्तनच्या एका छोट्या यंत्रसंग्रहालयात आलंय हे कळलं, त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले. पुढे आठ महिने रोज डबा घेऊन उत्तन. गंज खरवडला, पिस्टन रॉकेलात भिजवला, मिळेनात ते वायसर हाताने कापले. इंजिनाच्या भागांना 'पार्ट' म्हटलेलं काकांना खपायचं नाही, 'अवयव' म्हणायचं.

कानाचं कौतुक केलं की मात्र म्हणत, "खरा कान हिचा. क्वार्टर विहिरीला लागून होतं. पोळ्या लाटता लाटता इंजिनाचं दुखणं ओळखायची." काकू शेजारीच बसलेल्या असत, भिंतीकडे बघत. विसरण्याच्या आजाराने त्यांची आधी माणसं नेली, मग शब्द. वर्षभर त्या बोलल्या नव्हत्या.

इंजिन चालू झालं तेव्हा मी तिथेच होतो. ठोका झकास पडत होता, पण पंपाकडे जाणारा चामड्याचा पट्टा फटफट वाजत होता. मी शहाणपणा केला, म्हटलं घट्ट करून टाका. काका खेकसले, "हात लावायचा नाही." संग्रहालयवाल्यांनी विनवलं, त्यांनाही तेच उत्तर. एवढा कानाचा सोवळा माणूस. मला वाटलं, वय झालं.

उद्घाटनाला काकूंना चाकाच्या खुर्चीतून आणलं. भाषणं झाली, काकांनी हँडल मारलं, पट्टा पाहुण्यांसमोर बेशरमपणे फडफडू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी मान वर केली. कपाळाला आठी पडली.

"अहो, पट्टा सैल झालाय."

"हो गं," काका म्हणाले, "करतो घट्ट."

पाना हातात धरून ते तसेच उभे राहिले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली.

आता दर रविवारी दोघं रिक्षाने उत्तनला जातात. पट्टा अजून सैलच आहे.