शब्बीरचाचा ‘असली’ म्हणत नाहीत

शब्बीरचाचांनी एखादा गॉगल नकली ठरवला, की सोनाळ्याच्या अख्ख्या बाजाराला ऐकू जायचं. “नकली!” असं खच्चून ओरडायचे, की गॉगलवाला चोरी पकडल्यासारखा इकडंतिकडं पाहायला लागे. पण गॉगल खरा निघाला की चाचांचा आवाज बसायचा. काच पुसत पुटपुटायचे, “खोट दिसली नाई.” बस्स. ‘असली’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ!

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. त्यामुळे हा तमाशा मी रोज फुकट बघायचो. चाचा तरुणपणी मुंबईत जुन्या परदेशी गॉगलांच्या दुकानात कामाला होते. तिथून परतले ते ही विद्या घेऊनच. कुणी गॉगल पुढे केला की आधी म्हणायचे, “बाजू व्हा, उजेड येऊ द्या.” मग काच गालाला लावायची. खरी काच गार लागते, प्लास्टिक नाही. मग दांडी कानाजवळ धरून उघडायची, मिटायची. मग काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवरून नख फिरवायचं. एवढं सगळं होईस्तोवर समोरच्याचा जीव टांगणीला.

मी एकदा हौसेनं शेगावहून गॉगल आणला. चाचांनी तो गालालाही लावला नाही. “टेलरभाऊ, हा घालून उन्हात जाऊ नको. प्लास्टिक हाय, इतळून जाईन.” आता बोला!

अकोल्याचा एक शौकीन तर गाडी करून आला होता. बाप्पा, काय त्याचा रुबाब! मखमलीच्या डबीतून पिवळ्या काचेचा गॉगल काढला. चाचांनी तपासला आणि नेहमीचं बोलले.

“म्हणजे असली ना?” त्यानं विचारलं.

“मी कुठं म्हनलं?”

“मग नकली?”

“तेही नाई म्हनलं.”

“अहो, मग आहे काय?”

“खोट दिसली नाई.”

गडी डोकं धरून गाडीत बसला. मी हसून हसून बेजार. चाचा मात्र हसले नाहीत. हसण्यासारखं ते नव्हतंच, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

अळी न लागणारी म्हणून बीटी कपाशी नवी नवी आली, तेव्हा चाचांचं बियाण्याचं दुकान होतं. लोक पाकीट हातात घेऊन विचारायचे, “चाचा, माल खरा का?” चाचा छातीवर हात मारून सांगायचे, “असली हाय! आंख मूंदके पेरा.” लोकांनी पेरलं. चाचांनी स्वतःच्या वावरातही तेच पेरलं. पऱ्हाटी कमरेला लागली, बोंडं धरली, आणि बोंड फोडावं तर आत अळी. बियाणं बोगस होतं. चाचांना वरच्या व्यापाऱ्यानंच फसवलं होतं, हे गावाला कळत होतं. कुणी त्यांच्या दारात जाऊन भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. चाचांनी बियाणं विकणं सोडलं, त्याच फळ्यांवर गॉगल मांडले, आणि त्या दिवसापासून गावातल्या कुठल्या लग्नात, कुठल्या पंगतीत ते बसले नाहीत. आहेर पाठवायचे, स्वतः जायचे नाहीत.

त्या वर्षी सगळ्यात जास्त बुडाला तो नामदेव. पुढे काही वर्षांनी त्याच्याच पोरीचं, सुनीताचं लग्न ठरलं.

आमच्याकडे नवरदेवाला गॉगल द्यायची रीत. नामदेवचा बाप फौजेत एका साहेबाच्या गाडीवर होता. साहेबानं निवृत्त होताना त्याला आपला सोनेरी काड्यांचा गॉगल दिलेला, तोच नामदेवनं जावयाला दिला. पोरगा खूश. पण डोणगावहून वरातीबरोबर आलेल्या त्याच्या मामानं तो उलटासुलटा केला आणि तोंड वाकडं केलं. “जुनाट नकली चीज आमच्या माथी मारता काय?” वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशातच अडून बसलं. मांडवात पोरगी हळद लावून बसलेली, आणि हे गॉगलवर अडलेले! माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी धावत जाऊन चाचांना हाताला धरून जानोशात ओढतच आणलं.

चाचांनी काच गालाला लावली. दांडी उघडली, मिटली. नख फिरवलं.

“खोट दिसली नाई.”

“हे नाई चालत,” मामा म्हणाला. “सरळ असली म्हना. नाहीतर आमी चाललो परत.”

चाचांचे ओठ हलले, शब्द फुटेना. मी कळवळून म्हटलं, “चाचा, म्हना ना एकदाचं!” ते माझ्याकडे बघतच नव्हते. नामदेवकडे बघत होते.

“नामदेवा,” ते म्हणाले, “हा शब्द मी तुले मांगं एकदा देल्ला होता.”

नामदेव पुढे आला. त्याचे डोळे भरलेले.

“मालूम हाये मले. तवा तुमच्या शब्दावर वावर पेरलं. आज पोरगी देऊन राह्यलो, तेही तुमच्याच शब्दावर. म्हना चाचा.”

“असली,” चाचा हळूच म्हणाले. मग गळा साफ करून मोठ्यांदा, बाजारात नकली ओरडायचे तसे, “असली हाय! शब्बीर सांगून राह्यला, असली हाय!”

मामानं गॉगल भाच्याच्या नाकावर चढवला. बँड वाजायला लागला.

लग्न लागलं आणि चाचा मांडवाच्या कडेकडेनं सटकायला लागले. नामदेवनं ते पाहिलं. व्याह्यांना सोडून तो धावला, त्यांचा हात धरला आणि पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. “वाढा रे चाचाले!”

चाचांनी वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि ढसाढसा रडायला लागले. वाढणारा पोरगा घाबरला. “चाचा, तिखट झाली काय?”

“हाव,” चाचा म्हणाले.

नामदेवनं आपल्या पानातली बुंदी उचलली आणि त्यांच्या पानात घातली.