हातोडा कितवा?

"दुखलं तर नुसता डावा हात वर करायचा, काका. बाकी माझ्यावर सोडा," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीत आडव्या झालेल्या निवृत्त ग्रंथपालांनी मान हलवली. बोलणे शक्यच नव्हते. तोंडात कापसाचे बोळे, एक वाकडी नळी आणि डॉक्टरांची दोन बोटे होती.

त्यांची खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. दोनदा ते दवाखान्याच्या जिन्यापर्यंत येऊन परत फिरले होते. "आज दाढ तोंडात ठेवून आलात तर दार उघडणार नाही," असे पत्नीने सकाळी बजावले होते, आणि ती बोललेले करून दाखवणारी बाई होती.

डॉक्टरांनी बधिर करण्याचे इंजेक्शन दिले. ते भिनेपर्यंत थोडे थांबावे लागते. तेवढा वेळ सगळे गप्प राहिले असते तर बहुधा सांगण्यासारखे काही घडलेच नसते. पण रुग्णांना नंबराने आत सोडण्याचे काम डॉक्टरांच्या मेहुण्याकडे होते, आणि त्याच्या हातात वर्तमानपत्र होते. पहिल्या पानावर 'हातोडा' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या बॉक्सरचा फोटो होता. हेवीवेटचा हा माजी जगज्जेता आदल्याच दिवशी निवृत्त झाला होता.

"दाजी, पेपरवाले म्हणतायत, आजवरच्या थोरांमध्ये हातोडा पहिला!" मेहुणा दारातून म्हणाला.

"पहिला? तिसरा म्हण. तोही मी आज खुशीत आहे म्हणून."

"का? काय कमी आहे त्याच्यात?"

"अरे, त्याच्यासमोर होतं कोण? अर्धे म्हातारे, अर्धे पोरसवदा."

"वा! म्हाताऱ्यांना लोळवलं तर ते थकलेले, तरण्यांना लोळवलं तर ते कच्चे. मग त्यानं लोळवायचं तरी कोणाला, दाजी? तुम्हाला?"

दोघांनीही हातोड्याची एकही लढत अथपासून इतिपर्यंत पाहिलेली नव्हती. लढतीच्या वेळी डॉक्टर झोपलेले असत आणि मेहुणा नंतर मोबाइलवर फक्त शेवटचा ठोसा बघत असे. त्यामुळे दोघांचीही मते अगदी पक्की होती.

"तिसरा म्हणजे तिसरा!" डॉक्टर म्हणाले आणि बोलण्याला जोर यावा म्हणून त्यांनी हातातली दात तपासायची सळई दाढेवर जरा दाबली. दाढ अजून पुरती बधिर झाली नव्हती. ग्रंथपालांचा डावा हात ताडकन वर गेला.

"बघ! काकांचं मत मला."

"तुम्हाला कसं? एक हात वर केलाय. एक म्हणजे पहिला!"

ग्रंथपालांनी घाबरून पंजा उघडला आणि 'नाही, नाही' असा हलवला.

"पाचवा?" डॉक्टर आणि मेहुणा एकदमच म्हणाले. दोघेही मनापासून दुखावले होते.

"जाऊ द्या, दाजी. जन्मभर पुस्तकांत बसलेला माणूस. त्यांना ठोशातलं काय कळणार?"

ग्रंथपालांनी समोर पाहिले. डॉक्टरांनी आता पक्कड उचलली होती. ज्याच्या हातात पक्कड त्याच्याशी मतभेद नको, एवढे पुस्तकांत बसूनही त्यांना कळले होते. त्यांनी दोन बोटे मिटली. तीन उरली.

"याला म्हणतात व्यासंग!" डॉक्टर खुलले.

एवढ्यात मेहुण्याला बाजूला सारून एक धिप्पाड गृहस्थ आत आले. पुढचा नंबर त्यांचा होता. ते बांधकामाचे कंत्राटदार होते आणि त्यांचा एक गाल सुजून टम्म झाला होता.

"कसला तिसरा आणि कसला पहिला," ते गाल धरून म्हणाले. "पहिल्या दहांतसुद्धा मी त्याला उभा करणार नाही. शेवटच्या लढतीत पडला तो उठलाच नाही! मर्द असेल तर दहा मोजायच्या आत उठतो. आम्ही नाही पडलो माडीवरून? उठलो की नाही?"

"त्याला ठोसा कसा बसला ते तरी माहीत आहे का?" मेहुणा उसळला.

"मला माहीत आहे," म्हणत डॉक्टरांनी पक्कड ठेवली आणि पवित्रा घेतला. "हातोड्याची खरी कला पायांत. असा डावीकडे... असा उजवीकडे..." खुर्चीभोवती डॉक्टर नाचू लागले. कंत्राटदारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि ते ग्रंथपालांच्या तोंडावर ओणवे झाले.

"काका, तुम्ही शिकलेले आहात. कोणाला भिऊ नका. खरं सांगा, कितवा?"

ग्रंथपालांना फक्त एवढेच सांगायचे होते की नळी टाळूला टोचते आहे. त्यांनी वेदनेने मूठ आवळली आणि ठरल्याप्रमाणे हात वर केला. नेमका त्याच क्षणी डॉक्टरांचा कलावंत पाय खुर्चीखालच्या खटक्यावर पडला. खुर्चीची पाठ फाडकन सरळ झाली, तिच्याबरोबर ग्रंथपाल उसळले आणि त्यांची मूठ कंत्राटदारांच्या सुजलेल्या गालाखाली जाऊन बसली.

कंत्राटदार फरशीवर बसले, मग सावकाश आडवे झाले.

मग, का ते त्यालाही सांगता आले नसते, मेहुण्याने मोजायला सुरुवात केली. "एक... दोन... तीन..."

दहा झाले. कंत्राटदार उठले नाहीत. त्यांनी पडल्या पडल्याच तोंडात बोटे घातली, काहीतरी बाहेर काढले आणि डोळ्यांसमोर धरले.

"निघाली!" ते आनंदाने ओरडले. "हीच ती किडकी दाढ! इंजेक्शन नाही, काही नाही! काका, धन्य आहात!"

ग्रंथपालांनी तोंडातली नळी आणि बोळे काढले, पण त्यांना कोणी बोलूच दिले नाही. कंत्राटदारांनी त्यांचे पाय धरले. मेहुण्याने त्यांच्यासोबत फोटो काढला. "हातोडा तिसरा, पण काका चौथे," असे डॉक्टरांनी जाहीर केले आणि ते कंत्राटदारांचे रक्त थांबवायला धावले. 'माझी दाढ राहिली आहे' हे वाक्य ग्रंथपालांनी मनात चांगल्या भाषेत तयार केले, पण ते म्हणायला योग्य जागा सापडेना. शेवटी ते चपला घालून घरी आले.

पत्नीने दार अर्धेच उघडले. "निघाली का दाढ?"

"निघाली," ग्रंथपाल वाकड्या, बधिर ओठांनी म्हणाले.

"आ करा बघू." तिने आत डोकावून पाहिले. "अहो, ही तर जागच्या जागी आहे!"

"निघाली ती... दुसऱ्या एका गृहस्थांची."

पत्नीने पिशवी घेतली, दाराला कुलूप लावले आणि पुढे चालू लागली. ग्रंथपाल मागे.

दवाखान्यात वाद पुन्हा रंगात आला होता. आता कंत्राटदारही तोंडात कापूस धरून बाकावर बसले होते आणि हाताच्या खुणांनी वाद घालत होते. दारात बाईंना पाहताच तिघांचेही हात खाली आले.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि हात वर करायचा नाही." मग ती डॉक्टरांकडे वळली. "तुम्ही तोंड मिटा, हे आपलं उघडतील."

दाढ निघाली. कोणी एक अक्षर काढले नाही. हात धुताना मात्र डॉक्टरांना राहवेना.

"काकू, तुम्ही समंजस आहात म्हणून विचारतो. तुमच्या मते हातोडा कितवा?"

"कोण हातोडा?" काकूंनी विचारले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मेहुण्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि काकूंना दाढ गुंडाळून द्यायला त्याचा एक तुकडा फाडला.