नापासरावांचा खडू

मरणाच्या आदल्या दिवशी दुपारी वडील एका जुन्या ट्रेलरखाली आडवे पडले होते आणि त्यांच्या फक्त चपला बाहेर दिसत होत्या.

मुलीची दूरच्या शहरात बदली झाली होती. मोटारीमागे जोडून सामान न्यायला तिला बंद ट्रेलर हवा होता. वडील इथेच राहणार होते. तसं कुणी ठरवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. गाड्यांच्या कारखान्यात तपासणी करण्यात त्यांचा जन्म गेला. दोष दिसला की खडूने फुली. निवृत्त झाल्यावरही खडू खिशातच राहिला. गल्लीत त्यांना नापासराव म्हणत. आतापर्यंत पाहिलेला प्रत्येक ट्रेलर त्यांनी नापास केला होता, आणि प्रत्येकात शिरून एका गाठी मारलेल्या सुतळीने काहीतरी मापलंही होतं.

"कसली मापं घेताय, बाबा?"

"असंच."

आता चाकाखालचा दगड बाजूला सारून ते टायर चाचपत होते. "भेगा पडल्यात."

"काका, दिसायला तर चांगले आहेत," ट्रेलरवाला म्हणाला.

"दिसायला मीपण चांगला आहे." फुली.

"बाबा, मला सोमवारी निघायचंय!"

"मग चालत नीघ. याच्याआधी पोचशील." ते उठून ट्रेलरमध्ये चढले. "दार लावा. अंधारात उभं राहिल्याशिवाय छताची भोकं कळत नाहीत."

ट्रेलरवाल्याने दार लावलं. कडी खटकन बसली आणि बसलीच. त्याने जोर केला, तर मूठ हातात आली.

"छताला एक भोक!" आतून आवाज आला.

"काका, कडी अडकलीय!"

"कडी नापास!"

"घाबरू नका, हातोडा आणतो!"

"सावकाश आणा. मला काम आहे."

पहिल्याच घावाला ट्रेलर हलला. चाकाखालचा दगड परत लावायचा राहून गेला होता. उतारावरून ट्रेलर शांतपणे निघाला.

"काका, कशाला तरी धरा!"

"धरायला काय ठेवलंयत?"

ट्रेलर जाऊन ट्रेलरवाल्याच्याच गाडीवर आदळला आणि दार उघडलं. खडूने पांढरे झालेले वडील बाहेर आले. "धक्का दिला की उघडतं," त्यांनी नोंदवलं.

ट्रेलरवाला फुटलेल्या दिव्याकडे बघत राहिला. मुलगी मात्र भडकली. "मला जाऊच द्यायचं नाहीये तुम्हाला! सरळ सांगा ना."

वडिलांनी हात झटकले. "घे हा. चालेल."

जन्मात पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी पास केलं होतं. तिला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या लाकडी खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. त्यांना न्यायला आणलेल्या स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरत होतं. ते ऐकून कुणीही नापास म्हणालं नाही. आत्या म्हणाली, "कुणाला त्रास दिला नाही हो." ट्रेलरवाल्याच्या गाडीचा दिवा तिला ठाऊक नव्हता.

मुलीचं निघणं थोडं पुढे ढकललं गेलं, इतकंच. ट्रेलरवाला नवी कडी बसवून ट्रेलर दारात घेऊन आला. दिव्याचा विषय त्याने काढला नाही. सामान चढवायला ती आत शिरली. छताला फुली, भिंतीला फुली, तळाच्या फळीलाही फुली. फक्त पुढच्या कोपऱ्यात फुली नव्हती. तिथे खडूने चौकोन आखला होता आणि त्याच्या चारही कोपऱ्यांत एकेक छोटं वर्तुळ.

"ताई, पुसून देऊ का ते?"

"नको."

घरात जाऊन तिने वडिलांची खुर्ची उचलली. खुर्चीच्या एका हातावर ती गाठींची सुतळी गुंडाळलेली होती. खुर्ची तिने कोपऱ्यात ठेवली. चारही पाय वर्तुळांत नेमके बसले. चौकोनाच्या बाहेर बोटभरसुद्धा काही आलं नाही.

"दार लावा," ती म्हणाली.

"ताई, कडी नवीन आहे, पण भरवसा..."

"लावा हो."

अंधार झाला. छताच्या भोकातून आलेला कवडसा खुर्चीच्या पाठीवर पडला होता. एवढ्याच उजेडात ते खाली वाकून चौकोन आखत बसले असणार, आणि बाहेर हातोडा आपटत असणार.

तिने खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्हीपण चला ना माझ्याबरोबर."