गोळी किती आत बसवावी

आमच्या वरच्या मजल्यावरचे नलावडेकाका शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत, व्हर्नियर ठेवतात. ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी ताटातल्या दोन्ही पुरणपोळ्यांची जाडी मापली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सुप्रिया, दोन्ही सारख्या आहेत. असा हात फार कमी जणांचा असतो." सुप्रिया आठवडाभर खूश होती. आमची नऊ वर्षांची इरा मात्र कंटाळून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, जस्ट ईट लाह."

काका शहराच्या टोकाला, तुआसला एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायच्या विभागात आहेत. साहेब म्हणून आहेत, पण केबिनमध्ये बसत नाहीत. वय एकोणसाठ. सेरंगूनच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या जगात सेंटिमीटर हे ढोबळ लोकांचं माप. ते बोलतात थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. आणि कशाहीबद्दल त्यांचा एकच शेरा असतो: "बसलंय, पण बसायला हवं तिथं नाही." आमच्या दाराच्या कुलपाला हे लागू पडलं, इराच्या दाताच्या तारेला लागू पडलं आणि रॅफल्स प्लेसमधल्या माझ्या नोकरीबद्दल ऐकून घेतल्यावर मलाही लागू पडलं.

पण काकांचं खरं वेड म्हणजे बंदुकीची गोळी. ज्या शहरात काडतुसाची रिकामी पुंगळी खिशात सापडली तरी पोलीस घरी येतील, त्या शहरात बसून हा गृहस्थ दोन वर्षं एकाच प्रश्नावर विचार करत होता: काडतुसात गोळी किती आत बसवावी?

बंदूक अर्थातच त्यांची नाही. त्यांची मुलगी मुग्धा ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावात गुराढोरांची डॉक्टर आहे. शनिवारी सकाळी ती तिथल्या क्लबात कागदावर नेम धरायला जाते. काडतुसं स्वतः भरते, रीतसर परवाना काढून. एकदा तिनं सहज विचारलं, "बाबा, गोळी किती आत गेली ते नीट मापायचं कसं?" काकांना जणू कुणी कॉलेजात परत प्रवेश दिला.

ते मला समजावून सांगायचे. "हे बघ, पुंगळीत गोळी अर्धी आत, अर्धी बाहेर. बंदुकीच्या नळीत पुढे आतून कोरलेले आटे सुरू होतात. गोळी आणि आटे यांच्यात किती जागा सोडायची, हे प्रत्येक बंदुकीचं वेगळं असतं. पुस्तकात सापडत नाही. थोडं थोडं बदलायचं, प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या मारायच्या आणि कागदावरची भोकं बघायची. ज्या मापाला पाची भोकं जवळ आली, ते तिचं माप."

"आणि चुकलं तर?"

"फार चुकलं तर धोका. म्हणून घाई नाही करायची."

शनिवारी दुपारी मुग्धाचा फोन यायचा. सुरुवातीला काका तो एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोतही घ्यायचे आणि मोठ्या आवाजात इंग्रजीत म्हणायचे, "पुश द बुलेट टू थाऊ डीपर." त्यांच्या आजूबाजूची सीटं भराभर रिकामी व्हायची. मी एकदा त्यांना स्पष्ट सांगितलं, काका, एखाद दिवशी तुम्हाला पुढच्या स्टेशनवर उतरवून नेतील. ते विचारात पडले आणि त्यांनी मराठीत एक गुप्त भाषा तयार केली. गोळी म्हणजे लाडू, पुंगळी म्हणजे डबा आणि बंदूक म्हणजे सासूबाई.

मग सेरंगूनच्या मॉलमध्ये, भाजीच्या रांगेत उभं राहून ते फोनवर सांगायचे, "लाडू डब्यात दोन थाऊ खाली सरकव. सासूबाईंच्या दाताला टेकता कामा नये." एकदा मागे उभ्या असलेल्या एक मराठी बाई न राहवून म्हणाल्या, "अहो काका, त्यांना म्हणावं लाडू आधी गार होऊ द्या. गरम भरले की गडबड होते." काकांनी मागे वळून त्यांच्याकडे आदरानं पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "मुग्धा, तापमानाचाही मुद्दा निघालाय. लिहून ठेव."

फोन झाला की मुग्धा भोकं पडलेल्या कागदाचा फोटो पाठवायची. काका तो छापून घ्यायचे, भोकांमधली अंतरं मापायचे आणि फाइलला लावायचे.

गेल्या वर्षाच्या शेवटी एका शनिवारी दुपारी ते आमच्याकडे आले. चहा ठेवला तर नको म्हणाले. फाइलमधून गेल्या दोन महिन्यांतले चार कागद काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडले.

"काय दिसतं?"

मला वीस भोकं दिसली. तसं सांगितलं.

"पाचच आहेत," काका म्हणाले. "हा कागद तिनं ऑक्टोबरात पाठवला. पुढचा तोच, उलटा धरलेला. हा आडवा. हा जरा लांबून काढलाय. चारींमधल्या अंतरांचं एकमेकांशी प्रमाण तंतोतंत जुळतं. कुणाच्याही हातून अशी पाच भोकं दोनदा पडत नाहीत, चारदा तर सोडूनच दे."

"म्हणजे ती क्लबात जात नाहीये? कंटाळली असेल, काका."

"कंटाळली असती तर कंटाळले म्हणाली असती. ती बंदूक उचलत नाहीये. दोन महिने. आणि मला कळू नये म्हणून जुनाच कागद फिरवून पाठवतेय. तिला काहीतरी झालंय."

"मग विचारा ना."

काकांनी चारी कागद गोळा करून त्यांच्या कडा जुळवल्या. "विचारायचं काम तिची आई करायची," ते म्हणाले. "ती गेल्यावर आम्हा दोघांचे फोन एका मिनिटात संपायचे. जेवलीस का? हो. तुम्ही? हो. मग हे माप निघालं आणि आम्ही तासतास बोलायला लागलो. दुसरं काही बोललोच नाही कधी. आता एकदम कसं विचारू?"

सुप्रिया स्वयंपाकघरातून बाहेर आली, टेबलावरचा त्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला आणि मला आत बोलावलं. आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहिलो. न ऐकण्याचा प्रयत्न केला, पण आमचं घर लहान आहे.

"मुग्धा, बाबा बोलतोय. मापाचं राहू दे. तुला काय झालंय?"

मग काकांचा आवाज, अगदी हळू. "कधी? ... आणि ऑपरेशनला सोबत कोण होतं? ... रडू नकोस. अगं, मी रागावलो नाहीये. मी येतो."

एका गाईनं लाथ मारली होती. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, त्यात धातूची पट्टी घातली आणि तो हात अजून वर जात नव्हता. बाबा एकटे, उगाच काळजी करतील, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. शनिवारचा फोन बंद पडू नये म्हणून ती कागद पाठवत राहिली.

काकांनी तीस वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी रजा कधी घेतली नव्हती. त्यांनी सहा आठवड्यांची मागितली. विमानतळावर मी सोडायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याशी हवामानाखेरीज काहीही बोलायचं टाळलं.

दहा दिवसांनी मी फोन केला. म्हटलं, काका, कसं चाललंय?

"वेणी घालायला शिकतोय," ते म्हणाले. "तिचा हात मागे जात नाही ना. दोन महिने शेजारची बाई येऊन बांधून देत होती. मला वाटलं होतं सोपं असेल. तीन पेड घेतो खरे, पण मधला निसटतोच. तिच्या आईला रोज सकाळी बघायचो, पण पेपराआडून."

मागून मुग्धाचा आवाज आला, "बाबा, झालं माझं."

"ठेवतो रे," काका म्हणाले. "न्हाऊन आली. ओले केस बांधायचे नसतात म्हणे, आधी पुसून द्यायचेत."