साखऱ्याच्या मैदानी बुरशीची फत्ते

समस्त सुज्ञ जनांस विदित व्हावे की, तालुके सेनगाव, मौजे साखरा येथील शाळेच्या मैदानी सातवीच्या वर्गाने जे रण माजविले, त्याची हकीकत घडली तैसी, पदरचे न घालिता, लिहिली असे.

विज्ञानाच्या संध्याबाई मोठ्या अकलमंद. त्यांनी अन्नसाखळीचा खेळ मांडिला आणि गळ्यात पाट्या अडकवून मनसबा वाटिल्या. कोणी गवत जाहले, कोणी नाकतोडे, कोणी बेडूक, कोणी साप, आणि घारीची थोर मनसब दिपकरावांस मिळाली. तांड्यावरील पुजाबाईंची नजर घारीवरच होती. परंतु पाटी आली ती 'बुरशी'. तेव्हा त्यांचे डोळे भरले.

"बाई, मीच काहून बुरशी?"

दिपकराव पंख पसरून खिदळले, "शी! दूर सरक!"

मग फर्मान सुटले की, जो खाल्ला जाईल वा उपाशी राहील तो मेला, त्याने जागीच बसावे. बुरशीने हात लाविल्यास त्याची माती व्हावी आणि त्याने गवत होऊन उठावे. पुजाबाई रुसून निंबाखाली बसल्या.

शिट्टी वाजली आणि एकच गर्दी उडाली. नाकतोड्यांनी गवत फस्त केले, बेडकांनी नाकतोडे गारद केले, सापांनी बेडूक गिळिले, आणि दिपकरावांनी सापांचा फडशा पाडून मैदानभर गिरक्या घेतल्या. मग पाहतात तो मुलूख ओस! काडी उगवेना, मढी जागोजाग बसलेली, ऊन फुकट तळपते. हुजुरांसही भक्ष्य मिळेना, तेव्हा तेही कोसळले आणि धुळीतून अर्ज करिते जाहले, "पुजे, हात लाव की! मरून राहिलो न मी!"

पुजाबाईंस गुदगुल्या जाहल्या. "आधी बुरशीताई म्हण."

"बुरशीताई, पाया पडतो!"

मग त्या उधळल्या, आणि हात लागेल तिथे गवत डोलू लागले, आणि हसता हसता सर्वांची मुरकुंडी वळली. इतक्यात बाईंनी सहावीच्या पोरांची ताजी नाकतोडे-फौज सोडिली. पहिला घास दिपकरावांचाच.

"आरं, मी घार हाय!"

"आता गवत हायस, गप बस!" नाकतोडा गरजला.

त्याच सांजेस तांड्यावर पुजाबाईंच्या मातोश्री जिवनबाईंनी बुरशी धरलेली भाकर फेकण्यास उचलिली, तो लेक आडवी जाहली, "याडी, उकिरड्यावर नीट ठेव. आपलं माणूस हाय ते!"

येणेप्रमाणे बुरशीने मेला मुलूख जिता केला. फत्ते पुजाबाईंची, हे दफ्तरी दाखल जाहले.