मार्चअखेर उजेड

घरात एकदा बचत शिरली की सुखाने बाहेर ओट्यावर जाऊन बसावे, हा निसर्गनियम आहे. मुरबाड तालुक्यातल्या धसईत धम्मपालने तो वर्षभर प्रामाणिकपणे पाळला.

कल्याणच्या एका कचेरीत हिशेबनीस असलेल्या धम्मपालने गेल्या एप्रिलात गच्चीवर सौर पॅनल बसवले. दिवसा त्यांची वीज लाइनीत जायची, घरात वापरलेली त्यातून वजा व्हायची आणि उरलेली युनिटं खात्यावर जमा. व्यवस्था उत्तम होती. तिच्यात धम्मपालला एकच दोष दिसला : घरात माणसे राहत होती.

तो टप्प्याटप्प्याने दूर करण्यात आला. गच्चीवर कुरडया घालणे बंद (सावली पडते). दुपारी पंखा बंद (ऐन कमाईची वेळ). मिक्सरऐवजी पाटा. पॅनलवरचे कावळे हाकलण्याचे खाते आई भीमाबाईंकडे, बिनपगारी. रोज दुपारी कचेरीतून बायकोला फोन येई, "ऊन कसं हाय?"

"बरं हाय," संघरत्ना सांगे. "तुमची आठवण काढतंय."

मे महिन्यात उकाड्याने भीमाबाईंना घेरी आली. धम्मपाल हेलावला. त्याने त्यांच्यासाठी हातपंखा आणला (चांगल्या प्रतीचा).

मार्चमध्ये वार्षिक आढावा बैठक झाली. अध्यक्ष धम्मपाल, सचिव तोच, जनता दोन. बिल नाममात्र, शिल्लक सिद्धगडाएवढी. आलेख पाहून टाळ्याही त्यानेच वाजवल्या.

"पण या शिलकीचं करायचं काय?" संघरत्नाने विचारले.

धम्मपालने नियम मोठ्याने वाचायला घेतला आणि मध्येच थांबला. मार्चअखेर उरलेली युनिटं कंपनी पडत्या भावात घेणार होती. एप्रिलपासून पाटी कोरी.

"म्हंजे मी वरीसभर घामात बसली ती कंपनीसाठी?" भीमाबाई म्हणाल्या. त्यांनी उठून पंखा पाचावर केला. जनतेतून हरकत आली नाही.

मग शिल्लक संपवण्याची मोहीम निघाली. "काय वाटायचंय का? इस्त्री हाय का?" विचारत धम्मपाल दारोदार फिरला. लोकांना आधी त्याच्या तब्येतीची काळजी वाटली, मग ते मिरच्या घेऊन आले. सगळी आळी शिंकू लागली. शेजारच्या महिपतच्या मुलीची, पूजाची हळद होती. ती याच अंगणात झाली, स्पीकर आणि रोषणाईसह. भीमाबाई दोन पंख्यांमध्ये शाल पांघरून बसल्या. संघरत्नाने नवऱ्याला हाताला धरून नाचात ओढले. तो हिशेबनिसासारखाच नाचला, एक पाऊल पुढे, एक वजा; पण थांबला नाही.

महिनाअखेरीस शिल्लक संपली. वर्षभर वाचवताना त्या घरात कोणी इतके हसले नव्हते.

एक एप्रिलला धम्मपालचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. आईने नुसते पाहिले. हात डोके खाजवून परत आला.

वाचकहो, तुम्हीही हसलात, बरे झाले. तुमच्या शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी राखलेले ते सोनेरी काठाचे कप आहेत ना? पाहुणे येऊन गेले. त्यांना तुम्ही स्टीलच्या पेल्यात चहा दिलात.